पाईन, पाऊस आणि दुष्काळ: ऍरिझोनाला आलेल्या पाहुण्यांचे नेहमीचे प्रश्न

फिनिक्सला राहायला लागून बारा वर्षं झाली. उन्हाळ्यात इथे पारा ४३-४४ च्या वर जातो, त्यामुळे भारतातून कोणी आलं की वीकेंडला गाडी काढून वर फ्लॅगस्टाफला नेणं हे ठरलेलंच. तिथलं पाईनचं जंगल बघून प्रत्येक जण तेच तेच विचारतो. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण वाचायची खाज आहे आणि सासरे शेतकरी आहेत, त्यामुळे उत्तरं बऱ्यापैकी जमलीयेत. आता दर वेळी तोंडी सांगायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून टाकतेय.

ऍरिझोना म्हणजे वाळवंट ना? मग एवढं पाईन आलं कुठून?

उंचीमुळे. फिनिक्स समुद्रसपाटीपासून साधारण ३३० मीटरवर आणि फ्लॅगस्टाफ २१०० मीटरवर, मधलं अंतर जेमतेम २३० किलोमीटर. घाट चढताना खिडकीतून बघत राहा, आधी ते हात वर केलेले सग्वारो निवडुंग, मग ज्युनिपरची झुडपं आणि बुटकं पिन्यन पाईन, आणि वर पोचता पोचता एकदम उंच सरळसोट पाँडेरोसा पाईन सुरू होतात. आणि वरतीही पाऊस काही कोकणासारखा नाही बरं का, बर्फ धरून वर्षाला साधारण ५५० मिलिमीटर, म्हणजे आपल्या दुष्काळी पट्ट्यातल्या तालुक्यांत पडतो त्याच्या आसपासच. फरक एवढाच की वर थंडी आहे आणि बरंचसं पाणी बर्फाच्या रूपात येतं, ते साठून राहतं आणि हळूहळू जमिनीत मुरतं. या एका वाक्यात पुढची अर्धी उत्तरं आहेत.

पाईन म्हणजे आपल्या काशिदच्या बीचवर असतात तीच झाडं का?

नाही हो. ते सुरू. लांबून सारखं दिसतं, वारा सुटला की आवाजही तसाच येतो, पण सुरूचा आणि पाईनचा काडीचा संबंध नाही. सुरूच्या ज्या 'सुया' वाटतात त्या खरं तर हिरव्या बारीक फांद्या असतात, ओढल्या की सांध्यासांध्यातून तुटतात, करून बघा. आणि सोसायटीच्या गेटवर जे 'ख्रिसमस ट्री' लावतात ना, तेही बहुतेक वेळा पाईन नसतं. पाँडेरोसाच्या सुया बहुतेक तीन-तीनच्या जुडीत येतात आणि वीतभर लांब असतात.

झाडाच्या खोडातली रिंग म्हणजे नक्की काय? आणि त्यात दुष्काळ कसा दिसतो?

मागे सासरे आले होते. मंगळवेढ्याकडचे, आयुष्यभर रब्बीची ज्वारी केली. ट्रेलच्या कडेला एक कापलेला बुंधा होता, आडवा स्वच्छ कापलेला, त्याच्यावर ते बसणार तेवढ्यात मी म्हटलं बाबा थांबा, आधी हे बघा. सालीच्या आत एक जिवंत थर असतो, तो दर वर्षी बाहेरच्या बाजूने नवीन लाकूड चढवतो. वसंतात बर्फ वितळून जमिनीत ओल असते तेव्हा पेशी मोठ्या आणि पातळ भिंतीच्या, म्हणून लाकूड फिकट दिसतं, आणि उन्हाळ्याच्या शेवटी पेशी लहान आणि जाड, म्हणून गडद कड येते. फिकट अधिक गडद मिळून एक वर्ष. ओल भरपूर असली की रिंग रुंद, नसली की नखाच्या रेघेएवढी.

बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, बोट फिरवत फिरवत एका जागी थांबले, तिथे चार-पाच रिंगा अगदी चिकटून होत्या. म्हणाले, "म्हंजे हे बी वलीवरच यणारं पीक हाय की." मी आजवर वाचलेल्यात याहून चांगलं वर्णन मला सापडलेलं नाही. मालदांडी ज्वारी जशी परतीच्या पावसाने काळ्या रानात धरलेल्या ओलीवर येते, वरून पाणी नसताना, तसंच पाँडेरोसा हिवाळ्यातल्या बर्फाच्या ओलीवर वसंतात वाढतं.

म्हणजे पाऊस जास्त तेवढी रिंग जाड, असंच ना?

साधारण हो पण पूर्ण नाही. पाऊस किती पडला त्यापेक्षा कधी पडला हे जास्त महत्त्वाचं, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको, ऑगस्टमध्ये खंड पडला आणि ऑक्टोबरला धो धो आला तर सरासरी भरते पण सोयाबीन जातं.

इथे ऍरिझोनातही मान्सून असतो, हो, शब्दही तोच, सरकारी तारखा १५ जून ते ३० सप्टेंबर. त्याच्या आधीचे मे-जून मात्र एकदम कोरडेठाक. तर वर्षाचे दोन हप्ते: हिवाळ्यातलं बर्फ, त्यावर रिंगेचा फिकट भाग ठरतो, आणि मान्सूनचा पाऊस, त्याचा परिणाम गडद कडेवर दिसतो. संशोधक या दोन्ही पट्ट्या वेगवेगळ्या मोजतात आणि शेकडो वर्षांपूर्वीचा हिवाळा कसा होता, मान्सून कसा होता, हे वेगवेगळं काढतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा रात्री दोनपर्यंत वाचत बसले होते.

गंमत म्हणजे कधी कधी झाडही फसतं. मे-जूनमध्ये इतकं सुकतं की झाडाला वाटतं संपलं वर्ष, ते गडद कड घालून मोकळं होतं, मग जुलैत मान्सून आला की परत फिकट लाकूड चढवायला लागतं. एका वर्षात दोन रिंगा. याला खोटी रिंग म्हणतात, नवशिक्याचा हिशोब इथे चुकतो. आणि उलटंही होतं, २००२ सारख्या भयंकर वर्षी या भागातल्या बऱ्याच झाडांनी रिंगच घातली नाही, वर्ष खोडातून गायब. म्हणून एका झाडावर कोणी विश्वास ठेवत नाही, अनेक झाडांच्या रिंगांचा पॅटर्न एकमेकांशी जुळवून मगच साल पक्कं करतात.

पाणी कमी पडलं की झाड आतून काय करतं?

पाईन तोंड मिटून घेतं. सुयांवर बारीक छिद्रं असतात, शाळेत पर्णरंध्रं म्हणून शिकलो होतो तीच, त्यातून कार्बन डायऑक्साइड आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. पाणी वाचवायचं तर छिद्रं बंद, पण मग जेवणही बंद. पाईन या बाबतीत फार घाबरट, जमीन जरा सुकली की लगेच दार लावतं आणि साठवलेल्या साखरेवर दिवस काढतं. शेजारचं ज्युनिपर त्याच्या उलट, ते छिद्रं उघडी ठेवून ओढत राहतं.

आता ओढत राहण्यात धोका असा की मुळापासून शेंड्यापर्यंत पाण्याचा एक अखंड धागा असतो, तो जास्त ताणला की तुटतो आणि नळ्यांमध्ये हवेचे बुडबुडे शिरतात, मग तो भाग कामातून गेला. ज्युनिपरच्या नळ्या हा ताण जास्त सोसतात. त्यामुळे मोठ्या दुष्काळात आधी पिन्यन मरायचं आणि ज्युनिपर उभं राहायचं, असंच इथले लोक बघत आले. पण २०२० चा मान्सून इतका कोरडा गेला (पेपरवाल्यांनी त्याला 'नॉनसून' नाव ठेवलं होतं) की २०२१ मध्ये ऍरिझोनात ज्युनिपरही मोठ्या पट्ट्यात वाळले. तेव्हा मात्र लोक हादरले.

मग झाड मरतं ते तहानेने की किड्याने?

दोन्ही मिळून, आणि हे मिळून प्रकरणच वाईट आहे. सालीखाली राहणारा एक भुंगेरा असतो, तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून लहान. निरोगी पाईनला त्याने भोक पाडलं की झाड आतून राळ सोडतं आणि त्याला ढकलून बाहेर काढतं, खोडावर पॉपकॉर्नसारखे पिवळट गोळे दिसतात ना, ते या लढाईचे. पण राळ करायलाही साखर आणि पाणी लागतं. दुष्काळात झाड उपाशी, राळ आटलेली, भुंगेऱ्याला रान मोकळं. वर तो स्वतः बुरशीही घेऊन येतो, आणि एक आत शिरला की वास सोडून बाकीच्यांना बोलावतो.

उत्तर न्यू मेक्सिकोत एका ठिकाणी शास्त्रज्ञ आधीपासूनच मोजमाप करत होते, तिथली ९० टक्क्यांहून जास्त पिन्यन २००२-०३ मध्ये मेली. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळानंतर मेलेल्या झाडांचा सरकारी आकडा १२ कोटी ९० लाखांवर गेला, त्यात पाँडेरोसा भरपूर. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाकडे वेगळीच तऱ्हा, तिथे मुख्य भानगड अशी की हिवाळे पुरेसे कडक राहिले नाहीत, पूर्वी कडाक्याच्या थंडीत मरणारा भुंगेरा मरेना, साधारण १ कोटी ८० लाख हेक्टर जंगलाला त्याने हात लावला.

दुष्काळ तर पूर्वीही पडायचे. आताच एवढा गाजावाजा का?

हा प्रश्न मेव्हण्याने असा विचारला होता की जणू मला पकडलंच. बरोबर आहे, पडायचेच. १२७६ ते १२९९ असा तेवीस-चोवीस वर्षांचा दुष्काळ याच झाडांच्या रिंगांत दिसतो, आणि कोलोरॅडोतल्या मेसा व्हर्डेची दगडी वस्ती सोडून लोक त्याच सुमाराला गेले, दुष्काळ हे त्यामागचं एक कारण मानतात. १९५० च्या दशकातला दुष्काळही मोठा होता.

पण १९५० वाल्या आणि २००२ वाल्या दुष्काळाची तुलना करा. पाऊस-बर्फाची तूट पन्नासच्या दशकात उलट जास्त होती, तरी तेव्हा मुख्यतः म्हातारी झाडं मेली. २००२ ला सगळ्या वयाची गेली. कारण यावेळी गरमी जास्त होती.

गरमीने काय होतं ते बाल्कनीत कळतं. जुलैत मुंबईला वाळत घातलेली जीन्स दोन दिवस ओलीच, आणि फिनिक्सच्या जूनमध्ये तासाभरात पापड. गरम कोरडी हवा पाणी शोषून घेते, आणि तापमान एक अंश वाढलं की हवेत साधारण ७ टक्के जास्त वाफ मावते, म्हणजे हवेची तहान तेवढी वाढते. ती तहान हवा जमिनीतून आणि सुयांमधून भागवते. पाऊस तेवढाच पडला तरी झाडाच्या वाट्याला कमी येतो, आणि बर्फाऐवजी पाऊस पडायला लागला किंवा बर्फ लवकर वितळलं तर ती ओल मे-जूनपर्यंत टिकतच नाही.

ऍरिझोनातल्याच टूसॉन शहराच्या उत्तरेला बायोस्फिअर २ नावाची मोठी काचेची इमारत आहे, तिथे पिन्यनची झाडं आणून दोन खोल्यांत ठेवली, एका खोलीत सुमारे ४ अंश जास्त तापमान, आणि पाणी तोडलं. गरम खोलीतली झाडं जवळपास २८ टक्के लवकर मेली, पाणी दोघांनाही नव्हतंच. मेव्हणा यावर काही बोलला नाही, पण चहा मागितला.

रिंगांवरून बाराव्या-तेराव्या शतकाचं कसं काय सांगतात? एवढी जुनी झाडं आहेत का?

जिवंत पाँडेरोसा काहीशे वर्षांची असतात, त्याच्या मागे जायचं तर जुनी लाकडं लागतात. या गोष्टीचा हिरो ए. ई. डग्लस, आणि तो मुळात खगोलशास्त्रज्ञ. १८९४ ला फ्लॅगस्टाफच्या लॉवेल वेधशाळेत आला, पुढे साहेबाशी बिनसलं आणि १९०१ ला नोकरी गेली. त्याला सूर्यावरच्या डागांचं चक्र हवामानात दिसतं का बघायचं होतं, जुनी हवामानाची वही कुठे मिळेना, मग हा गडी लाकडाच्या वखारीत जाऊन पाईनच्या ओंडक्यांवरच्या रिंगा मोजायला लागला. सूर्याचे डाग राहिले बाजूला, एक नवीन शास्त्रच उभं राहिलं.

पुढे त्याने इथल्या मूळ रहिवाशांच्या जुन्या पुएब्लो घरांच्या तुळया घेतल्या. त्यांच्या रिंगा आपापसात जुळायच्या पण आजच्या झाडांशी सांधा लागेना, मध्ये एक फट. २२ जून १९२९ ला ऍरिझोनातल्या शो लो गावात एक जळकी तुळई सापडली, एचएच-३९ नंबरची, तिच्या रिंगांनी ती फट भरली आणि एका रात्रीत कित्येक जुन्या वाड्या-वस्त्यांच्या तारखा लागल्या. १९३७ मध्ये त्याने टूसॉनच्या विद्यापीठात वृक्षवलयांची प्रयोगशाळा काढली, ती अजून जोरात चालू आहे.

आणि याचा आमच्या इथल्या नळाशी संबंध आहे. कोलोरॅडो नदीचं पाणी राज्याराज्यांत १९२२ च्या करारात वाटलं, वर्षाला दीड कोटी एकर-फूट (एक एकरभर फूटभर उंच पाणी म्हणजे एक एकर-फूट), त्याआधीच्या काही वर्षांची मोजणी धरून. १९७६ मध्ये स्टॉकटन आणि जेकोबी यांनी रिंगांवरून नदीचा जुना प्रवाह काढला तर सरासरी साधारण १ कोटी ३५ लाखच निघाली. मोजणीची वर्षं नेमकी सुगीची होती! पाणीवाटपाची भांडणं बघत वाढलेल्या आपल्या लोकांना यात काही नवीन वाटणार नाही. रिंगांवरूनच असंही निघालं की २००० ते २०२१ ही बावीस वर्षं या भागात इसवी सन ८०० पासूनची सगळ्यात कोरडी होती.

रिंग बघायला झाड तोडतात का?

नाही. पोकळ गिरमिट असतं, ते हाताने फिरवत खोडाच्या मध्यापर्यंत नेतात आणि पेन्सिलीहून बारीक लाकडाची काडी काढतात. भोक झाड राळेने बुजवतं. तुम्ही मात्र करायला जाऊ नका, परवानगी लागते.

थंड भागातल्या पाईनला गरमी वाढली तर बरंच आहे ना? आणि कार्बन डायऑक्साइड तर झाडाचं खाणं!

काही ठिकाणी खरंच बरं. जिथे झाड थंडीने अडलंय, डोंगराच्या अगदी माथ्यावर किंवा फिनलंडच्या उत्तरेला, तिथे उष्ण उन्हाळ्यात रिंग रुंद होते. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये ब्रिसलकोन पाईन आहेत, त्यातलं एक ४८०० वर्षांहून जुनं. तिथे गंमत बघा, माथ्याजवळची झाडं तापमानाचा इतिहास लिहितात आणि त्याच डोंगरावर खालची झाडं पावसाचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माथ्यावरच्यांच्या रिंगा खूप रुंद झाल्या. पण फार भाळू नका, डेथ व्हॅलीजवळच्या टेलिस्कोप पीकवर अलीकडच्या दुष्काळात ब्रिसलकोनही मेले, पुन्हा भुंगेऱ्याचा हात होताच.

कार्बन डायऑक्साइडचं म्हणाल तर हो, तो जास्त असला की तेवढ्याच पाण्यात झाड जास्त काम करतं. पण ताटात वाढून ठेवलंय आणि तोंडच मिटलेलं असेल तर काय उपयोग.

जंगल किती दाट आहे! छान आहे ना?

फोटोला छान. फ्लॅगस्टाफजवळचं जंगल पूर्वी असं नव्हतंच, हेक्टरी काही डझन मोठी झाडं आणि मध्ये गवत. दर काही वर्षांनी गवतातून बुटकी आग पळत जायची, रोपं जळायची, मोठ्यांच्या जाड सालीला काही व्हायचं नाही. मग गोरे लोक आले, गुराढोरांनी गवत खाल्लं, सरकारने आगी विझवल्या. त्यात १९१८ ला बी उदंड झालं आणि १९१९ ला पाऊस नेमका वेळेवर आला, रोपांचं नुसतं पेव फुटलं. आज दिसतात ती हडकुळी झाडं बरीचशी त्या वर्षातली, शंभरीची असून मनगटाएवढीच राहिलेली.

दाट पेरलं की कणसं भरत नाहीत. एकाच ओलीवर वीस जण तोंड लावून बसलेले, दुष्काळ आला की सगळेच अशक्त. त्यामुळे आता विरळणी करतात, बारीक झाडं काढून हलकी आग मुद्दाम लावतात. विरळणी केलेल्या जागी उरलेल्या झाडांच्या रिंगा रुंद होतात आणि दुष्काळातही ती तग धरतात. ज्यांना झाड कापताना बघवत नाही त्यांनी २०११ ची वॉलो आग आठवावी, दोन लाख हेक्टरच्या वर गेलं.

आपल्या हिमालयातल्या पाईनचं काय? आणि ७२ चा दुष्काळ त्यात दिसेल का?

उत्तराखंड-हिमाचलात चीड असतं, साधारण ५०० ते २००० मीटरवर. रिंगांवर काम करणारी मंडळी आपल्या पुण्यातच आहेत, पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्राच्या संस्थेत. पश्चिम हिमालयातल्या देवदार, चीड वगैरेंच्या रिंगांवरून त्यांना दिसलं की तिथे मार्च ते मे ठरवतो, वसंत गरम आणि कोरडा गेला की रिंग अरुंद, गार आणि ओला गेला की रुंद.

म्हणून ७२ ची खूण तिथे दिसेलच असं नाही, कारण तो दुष्काळ आपल्या मान्सूनचा होता. मान्सूनसाठी सागवान बघायचं. केरळातल्या सागाच्या रिंगांवरून आयआयटीएमच्या लोकांनी ५२३ वर्षांची नोंद काढली आणि कमी पावसाची, एल निन्योची वर्षं त्यात अरुंद रिंगांच्या रूपात सापडली.

पाईनच्या आतल्या सुया पिवळ्या पडल्या. गेलं का झाड?

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आतल्या, खोडाकडच्या सुया पिवळ्या होऊन गळत असतील तर काळजी नको, जुन्या सुया टाकायची तीच वेळ. शेंडा तांबूस व्हायला लागला किंवा झाड एकदम फिकट पडलं तर मात्र खोड बघा, भोकं आणि भुसा आहे का.

आमच्या फिनिक्सच्या बॅकयार्डातलं पाईन वाळतंय. पाणी तर रोज देतो!

रोज देता तिथेच चुकतंय. आमचंही एक असंच गेलं. आधीच्या मालकाने अलेप्पो पाईन लावलेलं, ड्रिपच्या दोन नळ्या बुंध्याला चिकटून आणि रोज दहा मिनिटं पाणी. सिस्टिम बसवणारा म्हणाला बास आहे. मेल्यावर खणून बघितलं तर वरची दोन इंच माती चिखल आणि खाली विटेसारखी सुकी.

आळं बुंध्यापाशी नको, फांद्यांचा घेर जिथे संपतो तिथे गोल करा, पाणी शोषणारी मुळं त्या बाजूला असतात. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांनी एकदा, पण दोन-तीन फूट खोल ओल जाईल एवढं पाणी सोडा, लांब सळई खुपसून बघा, ओल आहे तिथपर्यंत ती सहज जाते. खाली पडलेल्या सुया झाडून टाकू नका, तेच आच्छादन. बाबांनी जाताना दुसऱ्या पाईनला असं आळं स्वतः करून दिलं, खुरपं नव्हतं तर माझी भाजीची जुनी उलथणी घेतली. ते झाड आहे अजून, उलथणी वाकली.